माग ठेवणारे यंत्र आणि मोकळी पावले
किल्ल्यांच्या जुडग्याला किंवा प्रवासाच्या बॅगेत ठेवायचा, दहाच्या नाण्याहून जरासा मोठा टॅग आता सर्रास मिळतो. तो उपग्रहावरून आपली जागा ओळखतो, हा समज मात्र चुकीचा आहे. अ‍ॅपलने २०२१ मध्ये आणलेला एअरटॅग ब्लूटूथचा क्षीण संकेत सोडत राहतो, एवढेच. जवळून जाणाऱ्या एखाद्या आयफोनने तो टिपला की तो फोन आपले ठिकाण सांकेतिक रूपात टॅगच्या मालकाकडे पोचवतो. फोनवाल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच दादर स्टेशनावर राहिलेली बॅग सापडण्याची आशा बरीच, सह्याद्रीतल्या आडवाटेवर पडलेल्या किल्ल्यांची जवळजवळ नाही. गाडीसाठी सिमकार्डाचा जीपीएस ट्रॅकर लागतो. तो उपग्रहांच्या आधारे जागा ठरवतो आणि मोबाइल नेटवर्कवरून कळवतो, पण त्याला विजेची सोय करावी लागते.

बॅगेला स्वतःचे खासगी आयुष्य नसते, त्यामुळे वस्तूंपुरता प्रश्न इथेच मिटतो. माणसाच्या बाबतीत माझी कसोटी एकच आहे: यंत्रामुळे त्या माणसाचा वावर वाढतो की आक्रसतो? भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज आहे. त्यांतले काही जण संध्याकाळ झाली की ‘घरी जायचंय’ म्हणत स्वतःच्याच घरातून बाहेर पडतात. घाबरलेले कुटुंब मग दाराला कुलूप लावते. मनगटावर ट्रॅकरचे घड्याळ असेल, तर ओळखीच्या रस्त्यावरची त्यांची रोजची फेरी बंद करावी लागत नाही. इथे नजर ठेवल्याने माणूस मोकळा होतो. अशा रुग्णाची संमती कशी घ्यायची, हा आक्षेप रास्त आहे. आजाराच्या सुरुवातीला, समज शाबूत असतानाच त्यांच्याशी बोलून ठरवावे. शिवाय खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी हवीच, कारण सेल संपला की ट्रॅकर मुका होतो.

तेच यंत्र कमावत्या मुलीच्या किंवा बायकोच्या पर्समध्ये तिच्या नकळत ठेवले, तर तिचा वावर आक्रसतो. ‘काळजीपोटीच ठेवलंय, लपवायचं नसेल तर बिघडलं काय?’ असे विचारले जाते. पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जामिनावरच्या आरोपीलाही आपले ठिकाण पोलिसांना सतत दाखवत राहण्याची अट घालता येणार नाही, असा निकाल दिला; अशी अट खासगीपणाच्या हक्काआड येते. आरोपीला जो हक्क आहे, तो घरातल्या सज्ञान बाईला नाकारायचा कशाच्या जोरावर? काळजी खरी असेल, तर ती विचारून करता येते. रात्री उशिरा परतताना तिने स्वतःहून तासभर लोकेशन पाठवणे वेगळे, कारण ते बंद करणेही तिच्याच हातात असते. शाळकरी मुलांवर लक्ष ठेवणे समजू शकते, पण तेही मुलांना सांगून, आणि वयाबरोबर कमी करत न्यावे.

अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरत असेल, तर मे २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर तशी सूचना येण्याची सोय झाली आहे. ती आली की टॅगचा आवाज वाजवून तो शोधावा, सेल काढण्याआधी त्याचा व त्यावरील क्रमांकाचा फोटो घ्यावा. तो ठेवणारा घरातलाच असल्याचा संशय असेल, तर तो बंद करण्यापूर्वी सुरक्षित ठिकाणी, शक्यतो पोलीस ठाण्यात पोचावे. टॅग बंद पडल्याचे त्यालाही कळू शकते.