प्रजाती संपते तेव्हा गोष्ट कोणाची सांगतात?

उर्सुला हायझे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात साहित्य शिकवतात. त्यांचे ‘इमॅजिनिंग एक्स्टिंक्शन’ हे पुस्तक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नामशेष होणाऱ्या प्रजातींविषयी आपण कसे लिहितो, हा त्याचा विषय.

हायझे यांच्या मते हे लेखन बहुतेकदा शोकगीताच्या किंवा शोकांतिकेच्या वळणाने जाते. त्यात मोठे, देखणे सस्तन प्राणी आणि पक्षी सहज सामावतात. कीटक आणि वनस्पती मात्र बाहेरच राहतात. हा पक्षपात पुढे संवर्धनातही उतरतो, म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने याकडे लक्ष वेधणे मोलाचे.

सर्वांत धाडसी भाग याद्यांचा. धोक्यातील प्रजातींची ‘लाल यादी’ आणि जैवविविधतेचे प्रचंड माहितीसंच त्या आजच्या काळातील महाकाव्य म्हणून वाचतात! कायदेही त्या अशाच बारकाईने वाचतात: अमेरिकेचा १९७३चा कायदा धोक्यातील प्रजातींना संरक्षण देतो, तर बोलिव्हियाचा २०१०चा कायदा थेट धरणीमातेचे हक्क मान्य करतो.

एकेका प्राण्याची वेदना टाळायची की अख्खी प्रजाती राखायची? प्राणिहक्कवादी आणि संवर्धनवादी यांच्यातील या वादालाही त्या भिडतात आणि अनेक प्रजातींना सामावणाऱ्या न्यायाची मांडणी करतात.