शुहूर सनाचे शब्द आणि पायथनचें कोष्टक

रत्नागिरी जिल्ह्यांतील जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांस शुहूर सन परिचित आहे. हा सन अरबी संख्यावाचक शब्दांनीं लिहिण्याची वहिवाट होती. ‘खमस खमसैन मया व अलफ’ म्हणजे पांच, पन्नास, शंभर व हजार, एकूण ११५५. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत यांत ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. हर्णैजवळील सुवर्णदुर्ग कमोडोर जेम्स यानें तुळाजी आंग्र्याकडून घेतला तो एप्रिल १७५५ मध्यें. त्या महिन्याच्या कागदावर हाच शुहूर सन यावयाचा.

एकदोन कागदांचें हें काम तोंडीं होतें. परंतु शेंकडों कागदांची सूची संगणकावर करावयाची, तर तें यंत्राकडे सोंपविणें सोयीचें. पायथन या संगणकभाषेंत तें कसें करावें व त्यांत फसगत कोठें होते, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

पायथनमधील ‘डिक्शनरी’ म्हणजे आपलें कोष्टकच: एका बाजूस शब्द, दुसऱ्या बाजूस त्याचा अंक. कोष्टकांतील एकेक शब्द घेऊन ‘रिप्लेस’ या आज्ञेनें तो मजकुरांत बदलीत जावें, हें प्रथम सुचतें. पण ही आज्ञा शब्द ओळखीत नाहीं. ती केवळ अक्षरांचा क्रम पाहते. ‘खमस’च्या जागीं ५ घालतांना ती ‘खमसैन’चाहि आरंभ खाते, आणि ‘५ ५ैन १०० व १०००’ असा अवशेष उरतो. यांतील अंकांचीच बेरीज घेतल्यास १११० येते, व एप्रिल १७५५ चा कागद एप्रिल १७१० चा ठरून तुळाजीच्या अमदानींतून कान्होजीच्या अमदानींत जातो. सलास-सलासीन (३, ३०), समान-समानीन (८, ८०), अशर-अशरीन (१०, २०) या जोड्यांतहि हाच धोका आहे.

लांब शब्द आधीं बदलावे, हा उपाय अपुरा आहे. कागदांत ‘खमसेन’ असें रूप असून तें कोष्टकांत नसेल, तर ‘खमस’ त्याचाहि घांस घेतो. पायथनच्या ‘री’ या साधनांतील शब्दसीमेची खूणहि देवनागरींत भरंवशाची नाहीं. तें साधन मात्रेस शब्दाचा भाग मानीत नाहीं. त्यामुळें ‘खमसैन’मधील ‘स’पाशींच शब्द संपला, अशी त्याची समजूत होते.

खात्रीचा मार्ग निराळा आहे. ‘स्प्लिट’नें ओळ मोकळ्या जागांवर तोडून शब्द सुटे करावे. प्रत्येक अखंड शब्द ‘गेट’नें कोष्टकांत पाहावा, न सांपडल्यास तोच शब्द जसाच्या तसा परत द्यावा, असें त्या आज्ञेस सांगतां येतें. शेवटीं ‘जॉइन’नें ओळ सांधावी. मग ‘५ ५० १०० व १०००’ असें शुद्ध रूप मिळतें, आणि ‘खमसेन’ असल्यास तो न बदलतां डोळ्यांसमोर राहतो. मात्र मोडींत शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती. म्हणून बालबोध प्रत करणारानेंच ते काळजीपूर्वक तोडले पाहिजेत. स्वल्पविराम शब्दास चिकटला असेल, तर तोहि आधीं काढावा.

‘व’ खेरीज एकहि शब्द अनोळखी राहिल्यास बेरीज करूं नये. कागद पुन्हा पाहावा, वाचन निश्चित करावें, व नवें रूप कोष्टकांत घालावें. सूचींत मूळ शब्द आणि अंक शेजारीं शेजारीं ठेवावे. म्हणजे पुढील अभ्यासकास आमची बेरीज मूळ वाचनाशीं ताडून पाहतां येईल.