कुंपणावरचा करांदा

दिवाळी सरत आली की रायगड-ठाण्याच्या बाजारांत गोणपाटावर करांद्यांचे वाटे दिसू लागतात. तपकिरी, ओबडधोबड, अंगभर बारीक फोड आलेले. बटाट्याचा भाऊ वाटावा असे हे रूप, पण करांदा मातीतून खणून काढलेला नसतो. तो वेलीवर, पानाच्या बगलेत धरतो. तरीही ते फळ नव्हे. वेलीच्या अंगाचाच तो फुगलेला गोळा, आणि गळून पडला की त्यालाच कोंब फुटतो.

करांदा, कोनफळ, काटेकणगी ही सगळी डायोस्कोरिया या एकाच घराण्यातली. या घराण्यात सुमारे 600 प्रजाती आहेत, आणि नाव आले आहे पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याचे. सुरण अळूच्या कुळातला आणि रताळे गारवेलीच्या, त्यामुळे उपवासाच्या ताटात शेजारी बसले तरी ते यांचे सगे नव्हेत. पश्चिम आफ्रिकेत मात्र या घराण्यातले कंद रोजचे जेवण आहेत. जगातले निम्म्याहून जास्त पीक एकट्या नायजेरियात निघते.

हे कंद समजून घ्यायचे तर वेलीचे वर्ष पाहावे. पावसाच्या तोंडावर कोंब निघतो, चार महिने वेल मिळेल त्या आधाराला धरून चढते आणि थंडी पडेपर्यंत वाळून जाते. मागे उरतो तो झोपी गेलेला कंद. पुढच्या पावसाळ्यात नवी पाने येईपर्यंत कोंबाला पुरेल एवढी शिदोरी त्यात असते, आणि आपण खातो ती हीच शिदोरी.

म्हणून त्यात पिष्ट भरपूर. या वर्गातल्या 100 ग्रॅम कच्च्या कंदात साधारण 118 कॅलरी, 4 ग्रॅम तंतू आणि 17 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. पोटॅशियम 800 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे बटाट्याच्या जवळजवळ दुप्पट. रक्तदाब आटोक्यात ठेवायला पोटॅशियमची मदत होते, पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. प्रथिने जेमतेम दीड ग्रॅम. तेव्हा उपवासाला नुसता कोनफळाचा कीस खाऊन भागणार नाही, सोबत दाण्याचे कूट हवेच. कोनफळाचा जांभळा रंग अँथोसायनिनचा. आपल्या जांभळालाही रंग येतो तो याच द्रव्यांमुळे.

शिदोरी म्हटली की तिला राखणही आली. कोनफळ सोलताना हात खाजतात, कारण सालीलगत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून जुन्या बायका आधी हाताला तेल चोळतात. रानातल्या कडू करांद्याची राखण याहून जबर आहे. त्यातली डायोसबल्बिन ही कडू द्रव्ये यकृताला घातक ठरतात. सह्याद्रीतले ठाकर-कातकरी अशा कडू कंदाच्या चकत्या करतात, राखेच्या पाण्यात उकडतात आणि रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवतात. हे पक्के रसायनशास्त्र आहे, आणि ते प्रयोगशाळेत नव्हे, भुकेच्या दिवसांत शिकलेले आहे. रानभाज्यांच्या हौसेपायी ओळख नसलेला कंद उकडून खाणाऱ्यांनी ही खटपट ध्यानात ठेवावी. नुसत्या उकडण्यावर भरवसा ठेवू नये. बाजारातला लावणीचा करांदा मिठाच्या पाण्यात उकडला की खाता येतो. थोडा कडवट लागतो, आणि मला तो तसाच आवडतो.

मागच्या वर्षी आमच्या टोपलीच्या तळाशी एक करांदा राहून गेला. वैशाखात पाहिले तर ना माती ना पाणी, तरी त्याला बोटभर कोंब आलेला. सुरकुतलेला तो गोळा कुंपणापाशी पुरला. श्रावणात वेल तारेवरून शेजारच्या शेवग्यावर पोहोचली होती, आणि हृदयाच्या आकाराच्या पानांच्या बगलेत वाटाण्याएवढे करांदे धरू लागले होते.