वितळतें बर्फ आणि ध्रुवप्रदेशांचे कायदे

भूगोलाच्या नकाशांत पृथ्वीच्या दोन्ही टोकांस पांढरा रंग दिलेला असतो आणि त्या पांढऱ्या रंगावर बहुधा कोणत्याही राज्याचें नांव नसतें. त्यावरून पुष्कळ विद्यार्थ्यांचा असा समज होतो कीं, तेथें कोणाची सत्ता नाहीं व कोणताच कायदा नाहीं. हा समज खरा नव्हे. दोन्ही ध्रुवांकडील प्रदेशांस कायदे आहेत. मात्र ते आपल्या तालुक्याच्या कचेरींतील कायद्यांसारखे नसून, अनेक राष्ट्रांनीं एकत्र बसून केलेले करार आहेत. हे करार करणाऱ्यांनीं एक गोष्ट मनाशीं धरून चालली होती, ती ही कीं, बर्फ आहे तेथेंच राहील. आतां तें बर्फच जागा सोडूं लागलें आहे. तेव्हां त्या करारांचें काय होतें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

प्रथम एक भेद ध्यानांत ठेवावा. उत्तर ध्रुव समुद्राच्या मध्यावर आहे आणि त्या समुद्राभोंवतीं रशिया, नॉर्वे, कॅनडा, अमेरिकेचें अलास्का व डेन्मार्कच्या राज्यांतील ग्रीनलंड अशी जमीन पसरली आहे. दक्षिण ध्रुव उलट जमिनीवर आहे आणि त्या जमिनीस समुद्रानें वेढिलें आहे. म्हणून उत्तरेकडचे तंटे मुख्यतः समुद्राच्या कायद्याचे, तर दक्षिणेकडील कारभार एका स्वतंत्र तहाचा.

उत्तरेकडील हवा बाकीच्या पृथ्वीच्या मानानें तिपटीहून अधिक वेगानें तापत आहे. बर्फ पांढरें असल्यामुळें ऊन परतवितें. तें वितळलें म्हणजे खालचें काळें पाणी तेंच ऊन पिऊन घेतें आणि आणखी बर्फ वितळवितें. सप्टेंबर महिन्यांत तेथील बर्फ सर्वांत कमी असतें. इ. स. १९७९ पासून उपग्रहांच्या साह्यानें त्याची नियमित मोजणी होत आहे. त्या काळीं सप्टेंबरांतही सत्तर लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास बर्फ उरत असे. २०१२ सालीं तें सुमारें ३४ लाखांवर आलें.

आतां कायद्याकडे वळूं. १९८२ च्या समुद्रविषयक करारान्वयें किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे मासे व तळाखालचें तेल किनाऱ्यावरील राष्ट्राचें; परंतु त्या पाण्यांतून जाणाऱ्या परक्या जहाजांस मात्र तें राष्ट्र सहसा अडवूं शकत नाहीं. या नियमास एक अपवाद ठेविला आहे, तो २३४ व्या कलमांत. जो समुद्र वर्षाचा बहुतेक काळ बर्फानें झांकलेला असतो, तेथें पाणी दूषित होऊं नये म्हणून किनाऱ्यावरील राष्ट्रानें जहाजांवर आपले नियम लादावे, अशी मुभा त्यांत आहे. या कलमाचें मूळ मनोरंजक आहे. १९६९ सालीं ‘मॅनहॅटन’ नांवाचें अमेरिकेचें तेलवाहू जहाज कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांमधून गेलें. कॅनडाच्या लोकांस मोठी धास्ती पडली, आणि दुसऱ्याच वर्षीं तेथील पार्लमेंटानें आपल्या उत्तर समुद्रासाठीं कडक कायदा केला. पुढें तोच विचार जगाच्या करारांत आला.

वाचकांनीं या कलमांतील ‘वर्षाचा बहुतेक काळ’ या शब्दांकडे पुनः पाहावें. रशिया आपल्या उत्तर किनाऱ्यालगतच्या मार्गानें जाणाऱ्या जहाजांस परवाना घ्यावयास लावतो, आणि त्यासाठीं याच कलमाचा आधार दाखवितो. जपानांतील योकोहामाहून हॉलंडांतील रॉटरडॅमला जाण्यास हा मार्ग सुवेझच्या कालव्यापेक्षां सुमारें एक तृतीयांशानें जवळचा पडतो. उद्यां तेथें वर्षांतून सातआठ महिने मोकळें पाणी राहिलें, तर परवान्याचा अधिकार उरला कीं गेला? बर्फाबरोबर कलमही वितळतें, असें कांहीं पंडित म्हणतात. धोका उरला आहे तोंवर अधिकारही उरला, असें दुसरे म्हणतात. आमच्या मतें दुसऱ्या पक्षांत अधिक तथ्य आहे, कारण सुटे हिमखंड हे अखंड बर्फापेक्षां जहाजास कमी घातक नाहींत. परंतु शब्द लिहिले गेले ते गेले, आणि त्यांवर राष्ट्रांचें एकमत नाहीं.

माशांच्या बाबतींत मात्र आश्चर्य वाटावें असें शहाणपण दिसून आलें. अलास्का व सैबेरिया यांमध्यें बेरिंगचा समुद्र आहे. त्याच्या मध्यभागीं दोन्ही राष्ट्रांच्या २०० मैलांबाहेर पडणारा एक तुकडा आहे. तिकडील लोक थट्टेनें त्यास एका गोड तळलेल्या पदार्थाचें भोंक म्हणतात, आपण मेदूवड्याचें म्हणूं. १९८० नंतर दूरदूरच्या देशांचीं जहाजें तेथें शिरलीं आणि त्यांनीं पोलॉक नांवाचा मासा इतका उपसला कीं, दहाबारा वर्षांत तो जवळजवळ संपला. करार झाला तो १९९४ सालीं, म्हणजे मासे गेल्यावर. आणि ते अद्यापि पुरते परत आलेले नाहींत. ही आठवण ताजी असल्यामुळेंच, ध्रुवाभोंवतींचा सुमारें २८ लाख चौरस किलोमीटरांचा खुला समुद्र जेव्हां उघडा पडूं लागला, तेव्हां ग्रीनलंडांतील इलुलिसाट येथें ऑक्टोबर २०१८ मध्यें नऊ राष्ट्रें व युरोपीय संघ यांनीं करार केला कीं, तेथें काय आहे हें शास्त्रज्ञांनीं सांगेपर्यंत व्यापारी मासेमारी करावयाची नाहीं. त्यांत रशिया आहे, अमेरिका आहे, चीन व जपानही आहेत. तोंवर तेथें एकही व्यापारी जाळें पडलें नव्हतें. हा करार २०२१ सालीं अमलांत आला व त्याची पहिली मुदत सोळा वर्षांची आहे. म्हणजे आज पांचवींत असलेला विद्यार्थी तेव्हां कर्ता मनुष्य झालेला असेल.

याशिवाय उत्तरेकडील आठ राष्ट्रांचें एक मंडळ १९९६ पासून आहे. तेथील मूळ रहिवासी सामी, इन्युइट इत्यादि लोकांच्या सहा संस्थांस त्यांत कायमची जागा आहे, ही त्याची उत्तम गोष्ट होय. सैन्यविषयक प्रश्न मात्र त्यानें प्रथमपासूनच वर्ज्य केले. रशियानें २०२२ सालीं युक्रेनवर स्वारी केल्यावर बाकीच्या सातांनीं बैठका थांबविल्या. पुढें काम हळूहळू व बरेंचसें कागदोपत्रीं सुरू झालें. उत्तर समुद्राचा सुमारें निम्मा किनारा रशियाचा आहे, तेव्हां त्याच्यावांचून बर्फाची मोजणीसुद्धां अपुरी राहते.

दक्षिणेकडे १९५९ चा तह आहे. सात राष्ट्रांनीं त्या भूमीवर हक्क सांगितला होता. तहानें ते हक्क मान्यही केले नाहींत व नाकारलेही नाहींत, नुसते गोठवून ठेविले. सैनिकी हालचालींस बंदी झाली, शास्त्रास मोकळीक मिळाली. पुढें १९९१ च्या करारानें खनिजें काढण्यासही बंदी घातली. ही बंदी २०४८ सालीं संपते असें पुष्कळदां छापून येतें, तें चुकीचें आहे. त्या सालानंतर तिचा फेरविचार मागतां येईल, एवढेंच.

येथें सर्व ठराव एकमतानें होतात, आणि त्याचें बरेंवाईट दोन्ही पाहावयास मिळतें. किनाऱ्यास जोडून समुद्रावर तरंगणारे बर्फाचे जाड थर तेथें आहेत. त्यांपैकीं लार्सन-बी नांवाचा सुमारें ३,२५० चौरस किलोमीटरांचा भाग २००२ सालीं महिन्याभरांत फुटून गेला. हजारों वर्षें अंधारांत असलेलें पाणी एकाएकीं उघडें पडलें. तेव्हां तेथील सागरी जीवांच्या रक्षणासाठीं नेमलेल्या आयोगानें २०१६ सालीं असा नियम केला कीं, त्या द्वीपकल्पाभोंवतीं असा थर जेव्हां कोसळेल, तेव्हां उघड्या पडलेल्या पाण्यास आधीं दोन वर्षें व जरूर तर पुढें दहा वर्षें संरक्षण मिळावें. बर्फ जाणार हें गृहीत धरून केलेला नियम तो हा. त्याउलट गोष्ट सम्राट पेंग्विनची. हा पक्षी समुद्रावरील बर्फावर पिलें वाढवितो. पिलांस पाण्यांत टिकणारीं पिसें येण्यापूर्वीं बर्फ फुटलें तर तीं बुडून मरतात. २०१६ सालीं हॅली उपसागरांतील मोठ्या वसाहतींत हेंच घडलें. त्यास विशेष संरक्षण द्यावें, अशी सूचना २०२२ च्या बर्लिन येथील सभेंत आली असतां एका राष्ट्राच्या नकारामुळें ती अडली. बाकीच्यांपैकीं बहुतेकांनीं आपापल्या देशापुरते नियम करण्याचें मनावर घेतलें.

आपल्या देशाचें पहिलें पथक डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालीं डिसेंबर १९८१ मध्यें गोव्याहूनच निघालें आणि पुढच्या जानेवारींत त्या बर्फावर उतरलें. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही आज वास्कोला आहे. उत्तरेकडील मंडळांत भारतास २०१३ पासून केवळ निरीक्षकाची जागा आहे. तेथें ऐकावें, मत देऊं नये. दक्षिणेच्या सभेंत मात्र १९८३ पासून पुरतें मत आहे, आणि तिची २०२४ ची बैठक कोचीनला भरली होती. ज्या एका नकारानें पेंग्विनचा ठराव अडला, तो नकार देण्याचा अधिकार त्या सभेंत भारतासही आहे.