धानाच्या बांधीतील कमळफूल : रेंगे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडील आपल्या पालकवर्गाला धान कापण्यापूर्वी ओल्या बांधीत लाखोळी फेकण्याची रीत सांगावी लागत नाही. पीक उभे असतानाच बी टाकावे, जमिनीतील उरलेल्या ओलीवर ते उगवावे, ही ती युक्ती. नेमकी हीच युक्ती जपानच्या भातकरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एका छोट्या रानवनस्पतीसाठी वापरली. फरक एवढाच, की आपण लाखोळी डाळीसाठी पेरतो. त्यांनी रेंगे पेरली ती मुख्यतः जमिनीत गाडून टाकण्यासाठी.

रेंगे मूळची चीनमधील. शास्त्रीय नाव अ‍ॅस्ट्रागॅलस सिनिकस. या प्रजातीत ३००० हून अधिक जाती असून आपल्या हिमालयातही त्यांपैकी बऱ्याच आढळतात. इंग्रजीत त्यांना मिल्कव्हेच म्हणतात. त्या खाल्ल्याने शेळ्यांचे दूध वाढते, अशी युरोपात जुनी समजूत होती. जपानी नाव मात्र अधिक सुंदर आहे. सात ते दहा गुलाबी-जांभळी फुले देठाच्या टोकाशी गोलाकार बसतात आणि लहानसे कमळ उमलल्याचा भास होतो, म्हणून ‘रेंगे’, म्हणजे कमळफूल. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या ‘म्योहो रेंगे क्यो’ या जपानी नावातही हाच शब्द आहे. चिखलातून वर येणाऱ्या फुलाचे नाव भातखाचरातील रोपाला मिळावे, हे आम्हांस फार समर्पक वाटते.

आता लागवडीकडे वळू. बी बारीक, चपटे आणि कठीण सालीचे असते. ते वाळूबरोबर हलके घासून घेतले म्हणजे सालीवर ओरखडे पडतात व पाणी आत शिरते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाचरातील पाणी काढून, कापणीच्या थोडे आधी उभ्या भातात एकरी साधारण १० ते १५ किलो बी फेकतात. कापणीनंतर शेताभोवती व मधून चर काढणे अत्यावश्यक, कारण रेंगेला ओल हवी असली तरी साचलेले पाणी ती मुळीच सोसत नाही. हिवाळाभर रोप जमिनीलगत पसरून राहते आणि वसंतात झपाट्याने वाढून एप्रिल-मे महिन्यांत फुलते.

तिचे खरे काम जमिनीखाली चालते. मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र रोपाला उपलब्ध करून देतात. पण हे जिवाणू कोणत्याही शेंगवर्गीय पिकाचे चालत नाहीत. रेंगेचे जिवाणू वेगळे. जिथे ती पूर्वी कधी उगवलेली नाही, तिथे रोप खुरटे, पिवळे राहते. यावर शेतकऱ्यांचा उपाय साधा होता: जुन्या रेंगेच्या शेतातली माती आणून बियांत मिसळायची. शेजाऱ्याकडून विरजण आणावे, तशी ही माती.

फुलोऱ्यात आलेले पीक रोवणीच्या दोन-तीन आठवडे आधी नांगरून गाडतात. घाई केली तर पाला थोडा मिळतो. उशीर झाला, तर पाण्याखाली कुजणाऱ्या पाल्यातून निघणारे वायू कोवळ्या मुळांना इजा करतात. शिवाय पाला अति झाला की नत्र वाढून भात लोळते. म्हणून वाढ दाट असेल, तर काही भाग कापून गुरांना घालीत. मधमाश्यांनाही या फुलांचे मोठे आकर्षण. रेंगेचा मध जपानात नावाजलेला आहे.

महायुद्धानंतर स्वस्त रासायनिक खत आले आणि रेंगे मागे पडली. रोवणी यंत्राने होऊ लागली तशी ती लवकरही होऊ लागली, आणि फुलायला अवधीच उरला नाही. १९८० च्या दशकात परदेशातून आलेल्या एका सोंडकिड्याने उरलेल्या शेतांवर ताव मारला. तरीही गिफू प्रांताचे मानाचे फूल आजही हेच आहे.

रेंगेचे बी मागवावे, असे आम्ही सुचवीत नाही. ती लांब, ओलसर थंडीची वनस्पती. आपला कोरडा, तापणारा मार्च तिला मानवणार नाही. मात्र युरियाच्या गोणीसाठी उधारी करणाऱ्या घरांना तिची रीत उपयोगी आहे. आपल्याकडे हे काम धैंचा आणि ताग करतात. रोवणीपूर्वी सहा-सात आठवडे पेरून ते फुलावर येण्याच्या सुमारास गाडावे लागतात. अडचण आहे ती पाण्याची: त्या वेळी मृग लागलेला नसतो, आणि विहीर नसलेल्या बांधीत पेरणार कशाच्या भरवशावर? अशांनी बांधावर गिरिपुष्पाची छाटकलमे पावसाच्या आरंभी लावावीत. झाडे मोठी झाली की दरवर्षी चिखलणीच्या वेळी कोवळा पाला छाटून बांधीत तुडवता येतो. त्यासाठी वेगळी जमीन अडकत नाही आणि पेरणीचे पाणीही लागत नाही.