नॉर्डिक देशांतील मुक्त संचार आणि प्रादेशिक एकीकरण

प्रादेशिक एकीकरणाचा क्रम सामान्यतः असा सांगितला जातो : प्रथम जकाती दूर व्हाव्यात, मग समाईक बाजारपेठ निर्माण व्हावी आणि माणसांचा मुक्त संचार अखेरीस यावा. उत्तर युरोपातील नॉर्डिक राष्ट्रांचा अनुभव या क्रमास अपवाद ठरतो. तेथे माणसांचा संचार आधी मोकळा झाला. नॉर्डिक आर्थिक संघ मात्र झालाच नाही.

१९५२ साली डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन व फिनलंड यांच्या नागरिकांस परस्परांच्या देशांत पारपत्राशिवाय प्रवास करण्याची मुभा मिळाली. परंतु सीमा ओलांडता येणे निराळे आणि सीमेपलीकडे उदरनिर्वाह करता येणे निराळे. १९५४ च्या करारान्वये या नागरिकांपुरती कामाच्या परवान्याची अट दूर झाली. तथापि आजारपण, अपघात व वार्धक्य यांतील साहाय्य स्वदेशापुरतेच राहिले असते, तर हा हक्क बहुतांशी कागदावरच राहिला असता. ही उणीव १९५५ च्या सामाजिक सुरक्षिततेच्या कराराने भरून काढली. १९५७ साली झालेल्या करारान्वये पुढील वर्षी अंतर्गत सीमांवरील पारपत्र-तपासणीही थांबली. आइसलंड त्यात १९६५ साली सामील झाले.

या व्यवस्थेसाठी कोणतीही अधिराष्ट्रीय सत्ता स्थापावी लागली नाही. प्रत्येक राष्ट्राने आपापल्या कायद्यांत समान स्वरूपाच्या तरतुदी केल्या. म्हणूनच १९७० साली फिनलंडने नकार दिल्यामुळे 'नॉर्डेक' या आर्थिक संघाची योजना कोसळली, तरी मुक्त संचारास धक्का लागला नाही. १९७३ साली डेन्मार्क युरोपीय आर्थिक समुदायात गेले आणि नॉर्वे बाहेर राहिले, तरीही तो टिकला.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. १९६९ व १९७० या दोन वर्षांत फिनलंडमधून दरसाल सुमारे ४० हजार माणसे स्वीडनला गेली. फिनलंडची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ४६ लाख होती. स्वीडनच्या कारखान्यांस कामगार मिळाले. फिनलंडच्या ग्रामीण भागांतील तरुण पिढी मात्र ओसरली. असा करार व्यक्तीस हक्क देतो. ती ज्या गावातून निघून जाते, त्या गावाची हानी तो भरून देत नाही.

२००१ पासून ही पाचही राष्ट्रे शेंगेन व्यवस्थेत आहेत. नॉर्वे व आइसलंड युरोपीय संघाचे सभासद नसूनही तीत सामावले गेले. पुढे २०१५ साली आश्रयार्थींची संख्या वाढताच स्वीडनने सीमेवरील तपासणी पुन्हा सुरू केली. मात्र नॉर्डिक नागरिकांचा शेजारी देशात राहण्याचा व काम करण्याचा हक्क त्यामुळे संपुष्टात आला नाही.

यावरून असे दिसते की, सीमेवरील मोकळीक ही मुक्त संचाराची केवळ बाह्य खूण होय. परिस्थिती पालटताच ती मागे घेता येते. काम, वास्तव्य आणि सामाजिक सुरक्षितता यांविषयीचे हक्क हाच मुक्त संचाराचा खरा आशय होय. एकीकरणाचे मोजमाप करावयाचे, तर ते या हक्कांच्या आधारेच केले पाहिजे.