कॉईल मागायला येतात, प्लग घेऊन जातात

सुट्या भागांच्या काउंटरवर गिऱ्हाईक निदान करूनच येतं. "वॅगनआरची कॉईल द्या." कोणत्या सालची, पेट्रोल की सीएनजी, तपासली कोणी, असं विचारलं की कपाळाला आठी पडते. इग्निशन कॉईल मागायला आलेल्या कित्येकांना कॉईल नकोच असते. पण मागे पाटी लावलेलीच आहे, ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’. घेतली की ती तुमची.

या धंद्यातला मजेशीर दिवस म्हणजे दसऱ्याचा दुसरा. खंडेनवमीला आमच्या नगरमध्ये केडगावपासून नागापूरपर्यंत वॉशिंग सेंटरवर रांगा लागतात. हौसेने बॉनेट उघडायला लावून इंजिनावरही प्रेशरचं पाणी मारून घेतात. दसऱ्याला हार, नारळ, लिंबू. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजसमोर तीच गाडी, गळ्यात कालचा झेंडू, "मिसिंग मारतेय!" आताच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल बसते आणि प्लग खोल भोकात असतो. तिथं पाणी साचलं की हजारो व्होल्टचा करंट प्लगच्या टोकाशी ठिणगी न पाडता बाजूने बॉडीला उतरतो. जाणता मिस्त्री कॉईल उपसतो, हवा मारतो, रबरी बूट पुसून वाळवतो, पुन्हा बसवतो. नवशिक्या थेट आमच्याकडे पोरगं पाठवतो. आम्ही कॉईल देतो, तो बसवतो, तोवर पाणीही सुकलेलं असतं. गुण कॉईलच्या नावावर जमा.

नवरात्रात एक टॅक्सीवाला भक्त घेऊन मोहटादेवीला निघाला होता. "मिस्त्री, सपाटीला गाडी मस्त पळती, करंजी घाट लागला की झटके मारती." गाडी सीएनजीची. घाटात इंजिनावर ओझं येतं, सिलेंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. सीएनजीला तर पेट्रोलपेक्षाही जास्त. म्हणून दुबळेपणा आधी चढाला उघडा पडतो. स्कॅनरने कोड दिला पी०३०२, म्हणजे दोन नंबरचं सिलेंडर. टॅक्सीवाल्याने खिशात हात घातला, "द्या एक कॉईल." मिस्त्रीने दोन नंबरची कॉईल तीनवर आणि तीनची दोनवर लावली, कोड पुसला आणि गाडी घाटाकडे पिटाळली. कॉईल खराब असती तर कोड तीन नंबरवर, म्हणजे पी०३०३ वर गेला असता. तो दोनवरच राहिला. प्लग काढला तर टोक झिजून गॅप चांगलीच वाढलेली. गॅप वाढली की कॉईलला दर ठिणगीला जास्त जोर लावावा लागतो. जुन्या प्लगवर नवी कॉईल बसवणं म्हणजे तीही लवकर मारणं. चारही प्लग बदलले, कॉईलचे पैसे वाचले. या अदलाबदलीला फुटकी कवडी लागत नाही, म्हणूनच बहुधा ती कोणी सुचवत नाही.

नगरच्या जुन्या मिस्त्र्यांचा हात लुनावर बसलेला. 1972 साली आलेली कायनेटिकची लुना म्हणजे नगरचंच लेकरू, कारखान्यावरून चौकालाही कायनेटिकचंच नाव पडलं. तिच्यात ठिणगीला बॅटरीच नव्हती, मॅग्नेटोवर काम. पुढे पद्मिनी, अँबॅसेडर हाती आल्या तेव्हा तेल भरलेली डबा कॉईल आली. तिची एक खोड त्यांना पाठ होती. इंजिन बंद, चावी ऑन, आणि मालक टेपवर गाणी ऐकत बसलेला. नेमके प्लॅटिन पॉइंट मिटलेले असले तर कॉईलमधून सतत करंट वाहून ती भाजून निघायची. दुसरी खोड बॅलास्टची. सुमारे दीड ओहमची कॉईल बाहेरच्या रेझिस्टरसोबत चालते. ती तीन ओहमच्या जागी, रेझिस्टरविना लावली की सुरुवातीला ठिणगी झकास, मग पॉइंट जळाले, कॉईल तापली. दिसायला दोन्ही डबे एकसारखे.

आज गफलत पुठ्ठ्याच्या डब्याची होते. गाडीच्या कंपन्या सहसा कॉईल स्वतः बनवत नाहीत. डेन्सो, बॉशसारखे पुरवठादार बनवतात. तोच माल पुरवठादाराच्या डब्यात बरेचदा स्वस्त पडतो. आणि हुबेहूब डब्यात डुप्लिकेटही येतो. म्हणून डबा बघू नका, जुनी कॉईल काढून आणा आणि तिच्या अंगावरचा नंबर जुळवा. गाडीचं नाव सांगून भागत नाही, एकाच मॉडेलला साल बदललं की इंजिन बदलतं, कनेक्टर बदलतो. नव्या कॉईलचा कनेक्टर ‘कट्’ आवाज करून बसला नाही, लॉक सैल वाटलं, बुटाचं रबर कडक लागलं, तर मी तरी घेणार नाही.

एक गेली म्हणून चारही बदलायच्या? बाकीच्या तिघी तितक्याच धावलेल्या असतात, हे खरं. पण घरच्या गाडीला एकच पुरे, असं माझं मत. भाड्याच्या गाडीचं वेगळं, रस्त्यात खोळंबलं तर दिवस बुडतो. मात्र चेक लाइट लुकलुकत असताना ‘शिर्डीपर्यंत ओढू’ म्हणू नये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतं, आणि त्याची किंमत ऐकली की माणूस कॉईलचा भाव करायचं विसरतो.

मुरलेले टॅक्सीवाले चारही बदलल्या तरी जुन्यातली एक चालू कॉईल फडक्यात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवतात. सोबत दहाचा पाना. बहुतेक गाड्यांत कॉईलला एकच बोल्ट असतो. चावी काढायची, इंजिन जरा निवू द्यायचं आणि कनेक्टर वायर धरून ओढायचा नाही.